चालती-बोलती टिपणवही

गणिताच्या उत्तरपत्रिकेत नुसते उत्तर लिहिले तर पुरे गुण मिळत नाहीत, ही गोष्ट पाचवीतला मुलगाही जाणतो. रीत लिहावी लागते. उजव्या बाजूस रेघ मारून कच्चे काम दाखवावे लागते आणि हुशार मुले शेवटी ताळाही पाहतात. रीत बरोबर असून उत्तर चुकले, तर आम्ही शिक्षक मंडळी उदार होऊन काही गुण देतो. परंतु उत्तर बरोबर असून रीत नसेल, तर आमच्या कपाळावर आठ्या पडतात आणि ‘हे उत्तर आले कोठून?’ असा प्रश्न आम्ही तांबड्या शाईने समासात लिहितो. आजवर किती वह्यांवर हा प्रश्न लिहिला असेल, याची गणती नाही. तोच प्रश्न काही वर्षांपूर्वी आम्हांला विचारला गेला, आणि आमच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते.

त्याचे असे झाले. वर्गशिक्षक या नात्याने निकालपत्रक तयार करण्याचे काम आमच्याकडे आले होते. आम्ही भाषा शिकवणारे. आकड्यांशी आमचे सख्य बेताचेच. त्यातून त्या रात्री वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात, कोऱ्या कागदाच्या चिठोऱ्यांवर आम्ही एकेका मुलाच्या बेरजा केल्या, उत्तरे पत्रकात उतरवली आणि चिठोऱ्या केराच्या टोपलीत टाकून सुटकेचा निःश्वास सोडला. पुढे स्नेहसंमेलन झाले. ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या मुलांना रंगमंचावर बोलावून पुस्तके देण्यात आली. टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली.

त्यानंतर दोन दिवसांनी एक गृहस्थ शिक्षक-खोलीच्या दारात उभे राहिले. गावात ज्याला पोसरो म्हणतात, तसे छोटे दुकान ते चालवीत. त्यांची मुलगी आमच्याच वर्गात होती. हातातील गुणपत्रक पुढे करून ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, “सर, ही बेरीज चुकल्या दिसता.”

आम्ही पाहिले. मराठी ७८, हिंदी ७१, इंग्रजी ६९, गणित ८६, विज्ञान ७४, समाजशास्त्र ७२. खाली आमच्या सुवाच्य अक्षरात ४४० लिहिलेले. त्यांनी पेन्सिलीने शेजारी ४५० लिहिले होते. एकंची बेरीज ३०, म्हणजे हातचे तीन. आम्ही दोनच धरले होते. ४५० म्हणजे ६००पैकी बरोबर ७५ टक्के. मुलीचे नाव रंगमंचावरून पुकारले जायला हवे होते आणि ते गेले नव्हते.

गुणपत्रक आम्ही लगेच दुरुस्त केले, मुख्याध्यापकांपाशी चूक कबूल केली. मुलीला पुस्तकही मिळाले, पण ते कार्यालयातील टेबलावरून. सभागृहातील टाळ्या दुरुस्त करता येत नाहीत. आणि आम्हांला अधिक बोचले ते पुढचेच. “मग इतर मुलांच्या बेरजाही तपासाव्या लागतील,” असे मुख्याध्यापक म्हणाले, तेव्हा कोणत्या बेरजेत काय केले होते हे दाखवणारा एकही कागद आमच्याजवळ उरला नव्हता. सारे पत्रक पुन्हा करावे लागले. मुलांकडून रीत मागणाऱ्या शिक्षकाने स्वतःची रीत केरात टाकली होती.

या प्रसंगानंतर आम्ही ज्या साधनाकडे वळलो, त्याची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांना करून द्यावी म्हणून हा लेखप्रपंच. आम्हांला ते दाखवले ते आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने. तो सुट्टीत घरी आला होता. आमची हकिकत ऐकून तो हसला नाही, एवढ्यावरूनच तो शहाणा झाला आहे हे आम्ही ओळखले. त्याने आपला संगणक उघडला आणि म्हणाला, “सर, तुम्ही टिपण लिहा, आणि त्यातला हिशेब टिपणालाच करू द्या.”

त्या साधनाचे नाव ईमॅक्स. हा एक मजकूर-संपादक आहे. म्हणजे ज्यात लिहावे, खोडावे, पुन्हा लिहावे अशी संगणकावरील पाटी. १९७६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत त्याचा प्रारंभ झाला. रिचर्ड स्टॉलमन हे त्याचे प्रमुख कर्ते. आज वापरात असलेला ग्नू ईमॅक्स त्यांनी १९८५ साली लोकांच्या हाती दिला. तो मुक्त आहे. कोणीही घ्यावा, वापरावा, आत डोकावून पाहावे आणि बदलावा. संगणकाच्या जगात वस्तू पाच वर्षांत म्हाताऱ्या होतात. हा संपादक मात्र इतक्या वर्षांनंतरही कामावर आहे.

आता, पाटी तर सगळ्यांकडे असते. या पाटीचे वेगळेपण कोणते? ही पाटी शिकवल्याने शिकते. ईमॅक्सच्या पोटात लिस्प नावाच्या संगणकभाषेची एक बोली आहे. लिस्प ही जॉन मॅकार्थी यांनी १९५८च्या सुमारास योजलेली भाषा. या संपादकातील प्रत्येक कळ म्हणजे त्या बोलीतील एकेका आज्ञेचे नाव घेणे होय. तुम्ही साधे एक अक्षर दाबले, तरी ‘हे अक्षर येथे घाल’ अशी एक छोटीशी आज्ञा चालते. कोणती कळ कोणती आज्ञा चालवते हे संपादकालाच विचारता येते, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो. त्याचे सांगणे पटले नाही, तर ती आज्ञा बदलताही येते. घरात नवे माणूस आले म्हणजे आपण त्याला आपल्या चालीरीती सांगतो, तसेच हे.

आमच्या माजी विद्यार्थ्याने आम्हांला प्रथम एक बेरीज करायला सांगितली. लिस्पची रीत अशी की कंस उघडावा, आधी क्रियेचे चिन्ह लिहावे, मग संख्या एकेक जागा सोडून लिहाव्यात आणि कंस मिटावा. आम्ही मोठ्या हौसेने लिहिले:

(+ ७८ ७१ ६९ ८६ ७४ ७२)

कंसामागे खूणकाठी, म्हणजे लुकलुकणारी उभी रेघ, ठेवून कंट्रोल कळीसह एक्स आणि मग कंट्रोल कळीसह ई दाबले, की संपादक मागील कंस वाचून उत्तर देतो. त्याने उत्तर दिले ते असे, की ‘७८’ या नावाला कोणतीच किंमत ठरवून दिलेली नाही! आम्ही चकित झालो. मराठीतले ७८ गुण, आणि किंमत नाही?

खुलासा सोपा होता. रोमन लिपीसोबत जे आकडे येतात आणि ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो, तेवढेच लिस्पला आकडे म्हणून ठाऊक. आपले देवनागरी आकडे तिला एखाद्या व्यक्तीच्या नावासारखे वाटतात. आणि नाव उच्चारले, तर ते कोणाचे हे आधी कोणी तरी सांगितलेले असावे लागते. आकडे इंग्रजी पद्धतीने लिहिताच तत्क्षणी उत्तर आले: ४५०. हातचे तीन यंत्राने विसरले नाहीत.

पण आमच्या मनातील खंत त्या मुलाने ओळखली असावी. त्याने एक ओळ लिहिली. तिचा भावार्थ असा, की ‘अधिकच्या चिन्हाला यापुढे बेरीज असेही म्हणत जा.’ ती ओळ चालवल्यावर त्याने कंसात अधिकच्या चिन्हाऐवजी ‘बेरीज’ हा शब्द देवनागरीत लिहिला, पुढे तेच सहा आकडे. उत्तर पुन्हा ४५०! घरात कोकणी, शाळेत मराठी, कार्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांच्या घाटांतून रोज चढउतार करणाऱ्या आम्हांला त्या क्षणी झालेला आनंद काय सांगावा? समोरच्याला आपला शब्द शिकवता येतो आणि तो शिकतो, याचे समाधान शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणाला अधिक कळणार? संपादक ‘प्रोग्रॅम करता येण्याजोगा’ असतो म्हणजे काय, हे आम्हांला त्या एका शब्दात कळले.

आता टिपणांकडे वळू. ईमॅक्समध्ये ऑर्ग नावाची एक सोय आहे. कार्स्टन डॉमिनिक या ॲमस्टरडॅम येथील खगोलशास्त्रज्ञांनी ती २००३ साली स्वतःच्या कामाची टिपणे नीट ठेवण्यासाठी केली, आणि पुढे ती ईमॅक्सचाच भाग झाली. हिचे नियम शाळकरी मुलाला एका दुपारी यावेत इतके साधे आहेत. ओळीच्या आरंभी एक तारका व एक मोकळी जागा दिली की ते मथळ्याचे वाक्य. दोन तारका दिल्या की पोटमथळा. उभ्या रेघा मारून शब्द लिहिले की तो तक्ता. टॅबची कळ दाबताच रकाने आपोआप सरळ रांगेत बसतात. बाकी सारा मजकूर साधाच असतो. म्हणून ही टिपणे कोणत्याही संपादकात उघडतात. उद्या ईमॅक्स नसला, तरी वाचता येतील.

या तक्त्याखाली सूत्राची एक ओळ लिहिता येते. आम्ही निकालाचा तक्ता केला. पहिल्या रकान्यात हजेरी-क्रमांक, पुढील सहांत सहा विषय, आठवा एकूण गुणांसाठी आणि नववा टक्केवारीसाठी मोकळा. खाली सूत्र लिहिले: दुसऱ्यापासून सातव्या रकान्यापर्यंतची बेरीज आठव्यात मांड, आठव्याला ६ने भागून नवव्यात मांड. खूणकाठी त्या ओळीवर ठेवून कंट्रोल कळीसह सी दोनदा दाबले, आणि दोन्ही मोकळे रकाने वरपासून खालपर्यंत भरून आले. मेणबत्तीच्या उजेडातील ती रात्र आठवून आम्ही क्षणभर गप्पच राहिलो.

याहून मोठे हिशेब असतील, तर टिपणात आज्ञांचा एक ठोकळाच मांडता येतो. ठोकळ्याच्या वर ‘येथून आज्ञा सुरू, भाषा अमुक’ अशी एक ठरावीक ओळ आणि खाली ‘आज्ञा संपल्या’ अशी दुसरी, एवढीच कुंपणाची खूण. कुंपणाबाहेर मराठीत हवे तेवढे लिहा. यंत्र त्याला हात लावत नाही. कुंपणाच्या आत उभे राहून तीच कंट्रोल-सीची जोडी दाबली, की आतील आज्ञा चालतात आणि त्यांचे फळ लगेच खाली, त्याच टिपणात, उमटते. पुन्हा चालवल्यास जुने फळ पुसून नवे येते. हा विस्तार प्रामुख्याने एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी घडवला. वरच्या तक्त्यातील आकडे खालच्या ठोकळ्याला देता येतात, आणि एकाच टिपणात निरनिराळ्या संगणकभाषांचे ठोकळे नांदू शकतात. आरंभी फक्त ईमॅक्सची घरची लिस्प चालते; पायथनसारख्या दुसऱ्या भाषांना आपण मुद्दाम परवानगी द्यावी लागते.

यावर कोणी म्हणेल, की हिशेबाचे तक्ते करणाऱ्या इतर आज्ञावल्या आहेतच. त्यात काय उणे? आम्हीही विचारले. तेथे उत्तर चौकटीत दिसते, परंतु सूत्र चौकटीमागे दडलेले असते. आणि ते सूत्र का योजले, हे लिहायला प्रशस्त जागाच नसते. टिपणात मात्र आधी कारण, मग आकडे, मग रीत, मग उत्तर असे सारे एकाच पानावर, वरून खाली वाचता येते. डोनाल्ड कनूथ या थोर संगणकशास्त्रज्ञांनी १९८४ साली असाच विचार मांडला होता, की आज्ञावली लिहिताना यंत्राला काय करायचे ते सांगण्यापेक्षा आपण त्याच्याकडून काय करवून घेऊ इच्छितो ते माणसाला समजावून सांगण्याकडे लक्ष असावे. आज महाविद्यालयांत पोचलेल्या मुलांच्या कानावर ‘ज्युपिटर’ टिपणवहीचे नाव येते. तिचा मार्ग वेगळा, पण गाव हेच.

परंतु साधनाचे गुण गाताना त्याच्या मर्यादा न सांगणे हे शिक्षकाला शोभत नाही. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट शिळ्या उत्तराची. आपण तक्त्यातील एखादा आकडा बदलला आणि सूत्र पुन्हा चालवायला विसरलो, तर जुने उत्तर तसेच बसून राहते, आणि ते चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. पहिल्याच आठवड्यात आमची अशी फजिती झाली. तेव्हापासून टिपण मिटण्यापूर्वी सर्व सूत्रे एकदा चालवायची, असा आम्ही नेम केला आहे.

दुसरी गोष्ट परक्या टिपणाची. ठोकळा चालवण्यापूर्वी संपादक विचारतो: ‘ही आज्ञा तुमच्या संगणकावर चालवू काय?’ आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर पुरे लिहायला लावतो. हा प्रश्न कटकटीचा वाटतो. पण तो आपल्या भल्याचा आहे. ठोकळ्यातील आज्ञेला तुमच्या संगणकावर तुम्हांला असलेलेच अधिकार मिळतात. ती बेरीज करील, तशीच तुमच्या फायली पुसूनही टाकील. तेव्हा दुसऱ्याकडून आलेले टिपण आधी वाचा, समजले तरच ‘होय’ लिहा. न वाचता सही करू नये, हे घरातील वडीलधारी माणसे सांगतात ते येथेही लागू आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्र बेरीज चुकत नाही. पण त्याच्या हाती दिलेला आकडाच चुकीचा असेल, तर त्याची चुकीची बेरीजही अगदी बिनचूक असते! हे आम्ही त्या दुकानदार गृहस्थांपाशी बोललो. एव्हाना आमची ओळख वाढली होती. त्यांनी आपला रोजमेळ दाखवला. ते म्हणाले, की आकडा ज्याने लिहिला त्याच्याच लिहिण्यावरून ताळा पाहून भागत नाही. पेटीतली रोकड वेगळी मोजावी आणि मग वहीशी ताडून पाहावी. शिवाय त्यांनी एक जुनी खूण सांगितली. तफावतीला ९ने नि:शेष भाग जात असेल, तर कोठे तरी दोन आकड्यांची उलटापालट झाली आहे काय, ते आधी पाहावे.

आम्ही ही खूणगाठ बांधली. पुढील वर्षी प्रत्येक विषयशिक्षकाकडून गुणांच्या यादीबरोबरच त्या यादीची त्यांनी स्वतः केलेली बेरीजही आम्ही मागून घेतली. ती टिपणात वेगळी लिहिली, आणि एका ठोकळ्यात आज्ञा दिली, की तक्त्यातील प्रत्येक रकान्याची उभी बेरीज या बेरजेशी ताडून पाहा व फरक सांग. पाच विषयांपुढे शून्य आले. गणितापुढे १८ आले. १८ला ९ने भागले की २. म्हणजे ज्या गुणांतील दोन अंकांत दोनाचा फरक आहे, तेथे उलटापालट शोधावी. रकान्यात असे गुण थोडेच होते. एका मुलाचे ७५ गुण आम्ही ५७ असे लिहिले होते! चूक आमचीच, पण या खेपेस ती निकालापूर्वी सापडली, कोणाच्याही नावाला झळ न लागता सापडली. एका पोसऱ्याच्या गल्ल्यावरील शहाणपण आणि सातासमुद्रापलीकडील प्रयोगशाळेतील संपादक यांनी मिळून एका मुलाचे १८ गुण वाचवले.

आता हे टिपण शाळेतील कोणताही शिक्षक उघडून पाहू शकतो. त्याच्या आरंभी आम्ही कुंपणाबाहेर, साध्या मराठीत, दहाबारा ओळी लिहिल्या आहेत. ७५ टक्क्यांची अट कशी मोजावी, टक्केवारीचा अपूर्णांक वर ढकलावा की नाही, गैरहजर मुलाच्या रकान्यात काय लिहावे, असे त्यात आहे. उद्या आम्ही या शाळेत नसलो, तरी ‘हे उत्तर आले कोठून?’ असे विचारणाऱ्याला टिपण स्वतःच उत्तर देईल.

मागल्या महिन्यात ती मुलगी, आता वरच्या वर्गात गेलेली, संगणक-खोलीत आमच्या शेजारी बसून हे टिपण पाहत होती. तिने पहिला परिच्छेद वाचला आणि थांबली. तेथे लिहिले आहे, की अमुक साली या वर्गाच्या निकालात एका विद्यार्थिनीच्या ४५० गुणांची बेरीज ४४० अशी झाली, हातचा एक कमी धरला गेला, चूक वर्गशिक्षकाची होती, म्हणून हे टिपण केले.

“सर,” ती म्हणाली, “हे अजून ठेवलंत? यंत्र तर एवढा भाग वाचतही नाही.”

“यंत्रासाठी नाहीच ते,” आम्ही म्हणालो. “ते आमच्यासाठी आहे.”

तिने मान डोलावली. मग खूणकाठी सूत्राच्या ओळीवर नेऊन तिने विचारले, “चालवू?” आम्ही म्हटले, “आधी वाच.” ती वाचू लागली.